पडवीतला सूड

हौसामावशींच्या पडवीत शिरण्यापूर्वी प्रत्येक मुलाला दोन्ही खिसे उलटे करून दाखवावे लागत. त्यातून चिंचोके, गारगोट्या, पिसे, बांगड्यांचे तुकडे, बाटल्यांची बुचे असे काही निघाले तर मावशी मान डोलावत. चेंडू, फुगा, बॅटरीवरची मोटार किंवा दुकानातून आणलेले दुसरे काहीही निघाले, तर ते अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ठेवून यावे लागे. मग वर ऊन असो की कुसगावचा तो दिवसचे दिवस न उघडणारा पाऊस. आम्ही त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आलो, त्याच दिवशी माझ्या सईची बोलणारी बाहुली त्या दगडावर जाऊन बसली. संध्याकाळी मी ती उचलली तेव्हा तिच्यातून पाणी गळत होते आणि तिची वाचा गेली होती.

"मावशी, महागाची होती हो बाहुली," मी म्हणालो. माझा आवाज मुळात बारीक. माझी तक्रारसुद्धा विनंतीसारखी बाहेर पडते.

"मंग कपाटात ठिवायची, सर," मावशी म्हणाल्या. "हितं इकत आणल्यालं चालत न्हाई. आन पोरीला इचारा, बाहुलीची आठवण तरी आली का तिला."

मी विचारले. सईला आठवण आली नव्हती. तिला मला एवढेच सांगायचे होते की आज तिचे पातेले जिंकले.

पातेले जिंकले म्हणजे काय, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. मावशींचे घर कौलारू आणि पडवीवरची कौले सरकलेली होती. पावसाळ्यात छप्पर ठिकठिकाणी गळे. दुसऱ्या कुणी कौले चाळून घेतली असती. मावशींनी प्रत्येक गळतीखाली एकेक भांडे मांडले आणि प्रत्येक भांड्याला एकेक मूल मालक नेमले. ज्याचे भांडे आधी भरेल तो जिंकला. भांडे हलवायचे नाही, दुसऱ्याच्या भांड्याकडे फिरकायचे नाही. नुसते उकिडवे बसून आपल्या थेंबाला ओरडून हुरूप द्यायचा. बाहेर लोणावळ्याला आलेली मंडळी पावसात काय करावे म्हणून हॉटेलांच्या खोल्यांत कंटाळून बसलेली असत, आणि इथे मुले एका तांब्याभोवती घसा फोडून ओरडत. मावशींचा मुलगा टेम्पो चालवायचा. एकदा तो सुट्टीच्या दिवशी शिडी घेऊन कौलांवर चढला, तर मुलांनी खाली रडून आकांत केला आणि मावशींनी शिडीच काढून घेतली. तो बिचारा छपरावरून विचारत राहिला, "आये, मी उतरू कसा?"

असे त्यांचे पुष्कळ खेळ होते. इंद्रायणी तांदळातले खडे वेचायची शर्यत होती, आणि तिच्यातून रात्रीच्या भाताचा तांदूळ आयता निवडून होई. पेंढ्याच्या बाहुल्यांची लग्ने लागत आणि त्यांत वरपक्ष रुसल्याशिवाय पंगत बसत नसे. माळ्यावरचे जुने इरले, पावसात डोक्यावरून पाठीवर घ्यायचे, कधी होडी होई, कधी कासव, कधी रिक्षा. आणि दिवस कलायला लागला की मावशी भिंतीला टेकून बसत आणि गोष्ट सांगत. गोष्ट रोज तीच, एका राक्षसाची. पण ती कधी संपत नसे. शेवट उद्यावर जाई आणि उद्या ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

मी लोणावळ्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. चार पुस्तके वाचलेल्या माणसाला जशी सवय असते तशी मला प्रत्येक गोष्टीमागे विचार शोधायची सवय होती. प्रथम मला वाटले, हे दारिद्र्य आहे. मग वाटले, हे शहाणपण आहे. एका रविवारी चहा पिताना मी मावशींना म्हणालोसुद्धा, की एक पैसा न खर्चता मुलांना घरात रमवणे ही फार मोठी विद्या आहे आणि तुम्ही नकळत बालशिक्षणाचे एक तत्त्व पाळता आहात.

मावशींनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे कौतुकाने पाहिले. लहान मुलाकडे पाहावे तसे.

"तत्त्व कसलं, सर?" त्या म्हणाल्या. "सूड हाय त्यो."

मग त्यांनी मला सांगितले. गल्लीच्या वरच्या अंगाला, हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर, त्यांच्या धाकट्या दिराचे घर होते. त्याला सगळे गाव आप्पा म्हणे. दोन्ही घरांचे पूर्वी मिळून एक खळे होते, भात झोडायचे. शेती आटली, रस्ता आला, पाहुणे आले, आणि आप्पांनी त्या खळ्यावर पत्र्याचा मोठा हॉल बांधला. आत घसरगुंड्या, झुलते घोडे, आरडाओरडा करणाऱ्या मोटारी, आणि मागच्या बाजूला रेन डान्स. ज्या गावात चार महिने छत्री मिटता येत नाही, त्या गावात आप्पा तिकीट लावून नळाचा पाऊस पाडत असत, आणि मुंबईची माणसे तो अंगावर घ्यायला येत. वर पाटी होती, 'किड्स झोन'.

"मला त्याचं काय न्हाई," मावशी म्हणाल्या. "ज्येची अक्कल त्येला. पर पैल्याच दिवशी आमची नात गेली तितं, चिमी. पाच वर्साची हुती. तिला वाटलं, काकाआज्याचं हाय म्हंजी आपलंच हाय. चढली घसरगुंडीवर. ह्यानं काय करावं? पाव्हणं उभं, बाया उभ्या, त्यांच्या म्होरं दंडाला धरून उतरवली. पायाला चिखल हुता म्हून. कोंबडीगत फाटकाबाहेर आणून ठिवली. आन काय म्हणला? 'हितं फुकट काय न्हाई. तुज्या आजीच्या घरात हाय काय खेळाया? तितं चूल फुंक जा.'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय न्हाई. चिमीला उचलली आन घरी आणली. ती रडंना सुद्धा, सर. नुस्ती इचारत ऱ्हायली, 'आजी, आपल्या घरात खरंच काय न्हाई का?'" मावशींनी पदराने बशी पुसली, तिला पुसायची गरज नव्हती. "त्या दिशी मी ठरिवलं. ज्या घरात काय न्हाई म्हणला, त्या घरात गावची पोरं आणून दावते. त्याच्या दाराम्होरनं जातील आन माज्या दारात येतील. आन एक दिस त्यो हितं, ह्या अंगणात उभा ऱ्हाईल आन चिमीला म्हणंल, 'चुकलं माजं.' तवर पडवी बंद हुयाची न्हाई."

आता खिसे उलटे करण्याचा अर्थ मला कळला. त्यांचे त्यावर एक बोलणेच होते: "पोराच्या हातात वस्तू दिली की पोरगं वस्तूचं हुतंय. काय न्हाई दिलं की माजं हुतंय." मी ज्याला विद्या समजत होतो ती युद्धाची तयारी होती.

सूड घेणाऱ्या माणसाला लागते तेवढी चिकाटी मावशींकडे होती. आप्पांच्या हॉलला शनिवार-रविवारी गर्दी होई. पण गावातली मुले तिकडे ढुंकून बघत नसत. मधल्या दिवसांत तो हॉल कुलपात असे आणि मावशींची पडवी गजबजलेली. आप्पांच्या घरातून ती पडवी दिसत नसली तरी ऐकू येई, आणि मुले जिंकली की मावशी त्यांना मुद्दाम तोंड वर करून ओरडायला लावत. "त्या अंगाला तोंड करून वरडा," त्या सांगत. "म्हाताऱ्याला कानठळ्या बसू दे."

आणि मग एका पावसाळ्यात आप्पांची स्वतःची नात पडवीपाशी आली. रिया तिचे नाव. चिमीहून वर्षाने लहान. आजोबांच्या मालकीच्या साऱ्या घसरगुंड्या तिच्या एकटीच्या होत्या आणि एकटीने घसरण्यात काही गंमत नसते. ती अंगणाच्या कडेला भिजत उभी राहिली. तिने कुणी सांगण्याआधीच दोन्ही खिसे उलटे केले. एका खिशात चॉकलेट होते. ते तिने धुण्याच्या दगडावर ठेवले.

चिमी तेव्हा सात वर्षांची झाली होती आणि काहीही विसरली नव्हती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, हिच्या आज्यानं मला काढलं. हिला काढ."

मी पडवीच्या कडेलाच उभा होतो. मला वाटले, आता मावशींच्या मनातला चांगुलपणा बोलेल. त्या चिमीच्या कानाशी वाकल्या आणि जे बोलल्या ते मला स्वच्छ ऐकू आले.

"काढली तर म्हातारा जितला. आत घे तिला. असं खेळीव, असं खेळीव, की तिला घर आठवता नये."

रियाला परात मिळाली, सर्वांत मोठ्या गळतीखालची. ती पहिल्याच दिवशी जिंकली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एक देखावा घडू लागला. अंधार पडायच्या सुमाराला आप्पा रियाला न्यायला येत. उंच, ताठ माणूस, पांढरा शर्ट, काळी छत्री. ते अंगणात आले की मावशी बसल्या जागेवरून म्हणत, "भावजी, पडवी सारवल्याली हाय. तितनंच हाका मारा." म्हणजे छपराखाली यायचे नाही. आप्पा अंगणात धुण्याच्या दगडापाशी उभे राहत. पागोळ्या त्यांच्या छत्रीवर पडत. आणि रिया येत नसे.

ती येऊ नये अशी व्यवस्थाच होती. आप्पांची छत्री गल्लीच्या वळणावर दिसली रे दिसली, की गोष्टीतला राक्षस दारात येई. तोवर तो सात डोंगरांपलीकडे झोपलेला असे. पण छत्री दिसली की तो जागा होई, वास घेत येई, कडीला हात घाली. मुले मावशींच्या अंगाला चिकटत. बाहेरून आप्पा हाक मारत, "रिया, चल बाळा." रिया मान न वळवता म्हणे, "थांबा ना आजोबा, राक्षस आलाय!" मावशी आवाज आणखी खाली आणत. शेजारच्या बाया पदराआड हसत. बराच वेळ असा काढून, राक्षस नेमका उंबऱ्यात पाय ठेवणार तेवढ्यात मावशी म्हणत, "ऱ्हायल्यालं उद्या. जा गं पोरी, तुजा आजा भिजतोय."

मी हे रोज पाहत असे. मी स्वतःला सौम्य माणूस समजतो. कुणाचे वाईट चिंतू नये, असे मला लहानपणापासून शिकवले गेले आणि मी ते पाळत आलो आहे, निदान तशी माझी समजूत होती. पण त्या दिवसांत मी ग्रंथालयातून निघताना घड्याळ पाहत असे, कारण आप्पा अंगणात उभे राहायच्या वेळेला मला घरी असायचे होते. माझे त्या माणसाने काही बिघडवले नव्हते. तरी त्याच्या विजारीचे पाय भिजताना पाहून मला बरे वाटे. मावशींचा सूड त्यांच्या कमाईचा होता. मी तो फुकट चाखत होतो.

म्हणूनच असेल, एकदा मला पश्चात्ताप झाला आणि मी मध्यस्थी करायला गेलो. "मावशी, आता पुष्कळ झाले. मनातून माफ करून टाका. तुमचेच मन हलके होईल."

मावशी चुलीपुढे बसल्या होत्या. त्या फुंकणी बाजूला ठेवून म्हणाल्या, "मागितलं का त्यानं?"

"नाही, पण..."

"मंग मी कुटं नेऊन टाकू? भीक वाढायची म्हणली तरी कुनीतरी हात फुडं करावा लागतोय, सर. तुमी लय मऊ हाय. तुमाला भांडायचा कटाळा, आन तुमी त्याला माफी म्हणताय."

त्यानंतर कितीतरी दिवस ते वाक्य माझ्या जेवणाच्या ताटापर्यंत येऊन बसत असे. आयुष्यात मी ज्यांना ज्यांना माफ केले म्हणून समाधान मानले होते, त्यांचे चेहरे मी आठवून पाहिले. मावशींचे म्हणणे मला खोडता आले नाही.

वर्षे गेली. सई शिकायला पुण्याला गेली, चिमी तळेगावला परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागली. रियाही बाहेर शिकायला गेली. पण सुट्टीत आली की पिशवी आजोबांच्या घरी टाकून ती दिवसभर मावशींकडे असे. पडवीत नवी लहान मुले आली, गळती तीच राहिली. आप्पांचा हॉल मात्र टाळेबंदीत जो बंद पडला तो पुन्हा उघडला नाही. पलीकडे मोठमोठी रिसॉर्ट झाली होती. पत्रा गंजला. मावशी रोज सकाळी पाण्याला जाताना त्या गंजाकडे पाहत आणि खूश होत. फक्त आप्पांनी अजून ते दोन शब्द उच्चारले नव्हते.

आणि एके दुपारी आप्पांची सून सुनंदा आमच्या अंगणात आली. तिने आल्या आल्या मावशींचे पाय धरले.

"काकू, मामांचं डोकं चालंना. दिवसभर दार वाजवत्यात, बाहेर सोडा म्हणत्यात. टीव्ही लावला तर टीव्हीला मारत्यात. मोबाईल दिला, फेकला. लहान पोरासारखं झालंय. तुमी एवढी पोरं रमवता. जरा दुपारचं येऊन बसता का?"

मावशींनी विचारले, "मला वळखंल का त्यो?"

"न्हाई वो काकू. मला बी वळखत न्हाईत. रियाला 'कुनाची गं तू' म्हणत्यात."

मावशींचा चेहरा पडला. मला वाटले, दया आली. सुनंदा गेल्यावर त्या एकदम उसळल्या.

"बघितलं का सर, कसा निसटला? एवढी वर्सं मी टपून बसल्ये, आन ह्यो गेला पळून. अंग ठिवलं मागं आन आपन गेला! आता मी कुनाकडनं घिऊ? जे त्यानं केलं त्येच त्याला आठवंना. त्यो मेला असता तर निदान मेला म्हणलं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पदरात गारगोट्या आणि चुलीतला कोळसा बांधून घेतला. "चलता का, सर? गुडगा दुखतोय, छत्री धरा."

मी म्हणालो, "मावशी, तुम्ही जाताय हे फार मोठेपणाचे आहे."

"मोठेपणा घाला चुलीत. जागा करायला चालल्ये मी त्याला. झोपल्याल्या मानसाशी भांडता येत न्हाई."

आप्पांच्या हॉलमागच्या घरात चकचकीत फरशी होती. सुनंदा "काकू, फरशी..." म्हणेपर्यंत मावशींनी तिच्यावर कोळशाने वाघ-बकरीचा पट आखलासुद्धा. बकऱ्या म्हणजे गारगोट्या, वाघ म्हणजे कोळशाचे खडे. बकऱ्यांनी वाघाला कोंडायचे, वाघाने बकऱ्या खायच्या. लहानपणी खळ्यावर सगळे गाव हा खेळ खेळलेले. आप्पा मांडी घालून बसले. तो ताठ माणूस आता वाकला होता, शर्टाची बटणे खालीवर लागली होती. त्यांनी एक गारगोटी तोंडात घातली. मावशींनी ती बोट घालून काढली, पुसली आणि पटावर ठेवली. "खायची न्हाई. चाल करायची."

त्या रोज जाऊ लागल्या. मीही सुट्टीच्या दिवशी छत्री धरून जाई. मुलांशी खेळताना मावशी सर्वांत लहान मुलाला एक तरी डाव सोडत. आप्पांना त्यांनी एकही सोडला नाही. त्यांचा वाघ त्या कोंडत आणि म्हणत, "हरला. पुन्यांदा मांडा." आप्पा ओठ काढून रडकुंडीला येत. मी एकदा हळूच म्हणालो, की एखादा डाव त्यांना जिंकू द्यावा.

"का म्हून? हरल्यावर त्याला राग येतोय, बघा ना. राग येतोय म्हंजी आत कुनीतरी हाय. त्यालाच बाहेर काढायचाय."

गावात मात्र मावशींची कीर्ती झाली. देवळात बाया म्हणत, भावजय असावी तर अशी, सगळे विसरून दिराची सेवा करते. मावशींना हे कळले की त्या चिडत. "विसरायला मला काय त्याच्यागत झालंय?" त्या म्हणत.

हळूहळू आप्पा सुधारले असे मी म्हणणार नाही. पण ते दार वाजवेनासे झाले. दुपार झाली की स्वतःच फरशीवर जाऊन बसत. वाघाची चाल त्यांना जमू लागली. सुनंदाने फरशी पुसणे सोडून दिले.

तो श्रावणातला दिवस होता. बाहेर धुके खिडकीला टेकले होते. डाव अर्ध्यावर आला असताना आप्पांच्या वाघाने एकदम तिरपी उडी घेतली आणि मावशींची बकरी उचलली. मावशींच्या ती चाल लक्षात आली नव्हती. त्या पटाकडे बघतच राहिल्या.

"वैनी," आप्पा म्हणाले, "ध्यान कुटं हाय तुमचं?"

मावशींनी मान वर केली. "मला वळखलं, भावजी?"

"न वळखाया काय झालं? म्हाताऱ्या झालाय, एवढंच."

मी आप्पांच्या डोळ्यांकडे पाहिले. ते जुनेच डोळे होते, छत्रीखालून पाहणारे. मावशींनी पदर नीट केला. हातातली गारगोटी खाली ठेवली. इतक्या वर्षांचे घोकलेले त्या किती शांतपणे बोलल्या, याचे मला आजही नवल वाटते.

"भावजी, तुमी आमच्या चिमीला दंडाला धरून बाहेर काढलंत. चार पाव्हण्यांम्होरं."

आप्पांनी थोडा विचार केला. "काढलं," ते म्हणाले. "मग?"

मला वाटले, मावशी आता कोसळतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरताना मी पाहिले. हा तोच माणूस होता. भांडायला समोर कुणीतरी आले होते.

"मग ऐका," मावशी म्हणाल्या. "तुमची रिया माज्या घरात वाढली. ती आपसूक न्हाई आली. मी वढून घेतली. घर आठवू नये असं केलं. रोज तुमाला अंगणात उभं केलं, भिजवलं, बायांम्होरं हसं केलं. छत्री दिसली की गोष्ट मुद्दाम लांबवली. सगळं जानून केलं. एका दिसाचं बी मला वाईट वाटलं न्हाई."

आप्पा ऐकत होते. ते मध्येच थांबवतील, ओरडतील असे वाटत होते. ते पुढे वाकले आणि अंगणातून हाक मारताना त्यांचा जसा आवाज लागे, त्याच आवाजात म्हणाले, "म्हाईत हाय की. मी काय खुळा हुतो? पोरीला न्यायला गडी हुता, वाचमन हुता. मी का यीत हुतो?"

मावशींनी पटावरची एक बकरी उगाच सरकवली.

"त्या राक्षसाचं फुडं काय झालं, वैनी?" आप्पा म्हणाले. "रोज तितंच तोडायच्या तुमी. दारात आला, पाय टाकला, आन मंग?"

मावशींनी सगळ्या गारगोट्या भराभरा पदरात गोळा केल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"न्हाई सांगनार," त्या म्हणाल्या.

परत येताना त्यांचा पाय दुखत नव्हता. मी छत्री घेऊन मागे धावत होतो आणि त्या पावसातून पुढे चालल्या होत्या. "फुकटात ऐकून गेला मेला!" त्या म्हणत होत्या. "मला वाटलं मी त्याला भिजवतीय. आन ह्यो मजेत गोष्ट ऐकतोय! तिकीट लावाया पायजे हुतं मी, तिकीट!" घरापाशी आल्यावर त्या थांबल्या. "उद्या पुन्यांदा इचारंल त्यो. उद्या बी न्हाई सांगनार. परवा बी न्हाई. रोज इचारू दे."

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीपेक्षा लवकर निघाल्या. मी रजा टाकली होती. आप्पा फरशीवर बसले होते. मावशींनी पट मांडला. आप्पांनी एक गारगोटी उचलली, न्याहाळली आणि तोंडात घातली.

त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही. मावशी मात्र रोज जात राहिल्या. आप्पांना खेळता येईनासे झाले तेव्हा त्या दोन्ही बाजूंनी खेळत. वाघाचीही चाल त्या करत आणि तीत कसूर करत नसत. मधूनच थांबत, आप्पांच्या तोंडाकडे पाहत, थोडा वेळ वाट बघत. त्या कशाची वाट बघत होत्या हे मला ठाऊक होते. त्यांना नाही म्हणायचे होते.

आप्पा थंडीत गेले. बाया रडत होत्या. मावशी ओट्यावर कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसलो. काहीतरी बोलायला हवे म्हणून म्हणालो, "मावशी, गोष्टीचा शेवट त्यांना सांगायला हवा होता, असे वाटते का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "एक गोष्ट तरी माजी ऱ्हायली."

मी तो सारा दिवस त्यांच्या जवळ होतो आणि माझ्या मनात माझाच हिशेब चालला होता. ज्यांना मी माफ केले, त्यांच्या दारात मी पुन्हा कधी गेलो नाही. ज्याला मावशींनी माफ केले नाही, त्याच्या तोंडातली गारगोटी त्यांनी रोज बोटाने काढली. या दोहोंत बरे काय, हे मला पंचावन्नाव्या वर्षीही कुणाला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण माझ्या सौम्यपणाचा मला पूर्वीसारखा अभिमान राहिला नाही.

त्यानंतर पडवी शांत झाली. मुले येत, पण मावशी भिंतीला टेकून नुसत्या बसून राहत. खिसे कुणी तपासेना. एक मुलगा बॅटरीची मोटार घेऊन आत आला, ती त्यांच्या पायाशी येऊन आपटली, तरी त्या काही बोलल्या नाहीत. पाऊस सुरू झाला तेव्हा टेम्पोवाल्या मुलाला बोलावून त्यांनी स्वतःच कौले चाळून घेतली. मला ते पाहवेना. मी त्यांच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "मावशी, पातेली मांडा ना पुन्हा. पोरांसाठी तरी."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. समोर दोन मुली मोटारीचा नाद सोडून एका वाळक्या पानात मुंग्या बसवून त्यांची वरात काढत होत्या.

"पोरास्नी काय लागतंय, सर?" मावशी म्हणाल्या. "पोरं कशानंबी खेळत्यात. मी खेळवत हुते ते त्या म्हाताऱ्याला."